म्होरकीचा नंबर

पलीकडच्या काठावर सकाळपासून धूर निघत होता आणि नेमका त्याच दिवशी चिपवाला वस्तीवर आला. धूर वर जात नव्हता. नदीच्या पाण्यावर लोळत लोळत तो अलीकडे येत होता आणि त्याला जळलेल्या लोकरीचा वास होता. वहिनीनं बाहेर वाळत घातलेली पांघरुणं आत नेली, दारं-खिडक्या लावून घेतल्या. तरी वास आला तो आलाच.

पलीकडे धाप आली होती. या रोगाला पशुखात्यानं दिलेलं नाव हातभर लांब होतं, कुणाच्या तोंडात ते बसत नव्हतं. मेंढी आधी खंगते, मग उभ्या उभ्या धापा टाकायला लागते आणि एका सकाळी उठतच नाही, म्हणून लोक नुसतं धाप म्हणायचे. कळपातली रोगी मेंढी बाकीच्यांत मिसळून राहिली असा नुसता संशय आला तरी अख्खा कळप मारून टाकायचा, असा हुकूम होता.

"म्हणून तर चिप पाहिजे," चिपवाला अंगणात पेटी उघडत म्हणाला. "आता वरच्या कुरणाच्या नाक्यावर चिपशिवाय शेपूटसुद्धा आत सोडणार नाहीत."

वरचं कुरण म्हणजे या घराचं पोट. उन्हाळा लागला की खाली गवताची काडी राहायची नाही आणि वर जायला वाट एकच, नाक्यातून. घरात माणसं तीन. दादा कर्ता. त्याची बायको, जिला सगळी वस्ती वहिनीच म्हणायची. आणि दादाचा धाकटा भाऊ. तो शहरात काही वर्षं मोबाइल दुरुस्त करून, मालकाशी भांडून परत आला होता आणि मिशा पिकायला लागल्या तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत.

चिपवाल्यानं दोन पाकिटं काढून ओट्यावर ठेवली. दोन्हींत तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळ्या. वहिनीनं एक तळहातावर घेऊन पाहिली. तिला दोन्हींत काही फरक दिसेना.

"दिसायला सारख्या, वाचायलाही सारख्याच," तो म्हणाला. "कातडीखाली घालायच्या. वर लोकर भिजलेली असू दे, चिखलानं माखलेली असू दे, हे यंत्र मानेजवळ नेलं की नंबर दिसतो. वीतभर जवळ न्यावं लागतं, लांबून नाही जमत."

"मग दोन पाकिटं कशाला?" वहिनीनं विचारलं.

"ही पक्की. कारखान्यातच नंबर घालून येते. जगबुडी झाली तरी तोच नंबर. आणि ही फिरती. हिच्यात नंबर आपण लिहायचा. नको झाला तर पुसायचा, दुसरा लिहायचा. कुलूप घालायची सोय आहे, ते घातलं की हीसुद्धा पक्की. नाही घातलं तर मोकळी."

"मेंढीचा नंबर बदलायची गरज कुणाला पडते? चोराला."

चिपवाला हसला. गोड हसायचा, त्याचा धंदाच तो. "वहिनी, चोर कशाला माझ्याकडून पावती घेईल? उद्या मेंढी मेली तर पक्कीचा नंबर वाया. फिरती असली तर तोच नंबर दुसरीला देता येतो. नाक्याला काय, नंबर दिसल्याशी मतलब."

'वाया' म्हटल्यावर दादाचे कान टवकारले. वापरलेली सुतळी उलगडून, गुंडाळून ठेवणारा माणूस तो. मोडक्या कुऱ्हाडीचा दांडा त्यानं फावड्याला बसवला होता, फावड्याचं पातं चुलीपुढे ठेवलं होतं. "फिरतीच घेऊ," तो म्हणाला.

"आणि लिहायचं यंत्र मी चालवीन," धाकटा म्हणाला. शहरातून आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या कामाचं काही घरात येत होतं.

"दार लावायचं आणि कडी घालायची नाही, असं आहे हे," वहिनी म्हणाली.

"अगं, आपल्या घराला कडी होती कधी?" दादा म्हणाला.

"तेच सांगतेय मी."

"तू ना, सुईला दोरा ओवायच्या आधी गाठ मारतेस."

"करा काय करायचं ते." वहिनी असं म्हणाली की वाद मिटला, असं दादाला वाटायचं. तिच्या पोटात तो तिथून सुरू व्हायचा.

दुपारभर काम चाललं. दादा एकेक मेंढी गुडघ्यांत आवळून धरायचा, वहिनी डाव्या कानामागची लोकर दोन बोटांनी फाकवायची आणि चिपवाला जाड सुई कातडीखाली सरकवायचा. मेंढी एकदा थरथरायची. मग धाकटा यंत्र लावायचा, ते टुण्‌ करायचं. लोकरीच्या तेलानं सगळ्यांचे हात बुळबुळीत झाले. कळपाच्या पुढे चालणारी म्होरकी मात्र कुणी न धरता येऊन उभी राहिली. तिच्या गळ्यात पितळी घंटा होती. सुई आत जाताना तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

"कुलूप घालताय ना?" वहिनीनं विचारलं.

चिपवाल्यानं दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "राहू दे मोकळं. पुढेमागे लागलं तर."

पलीकडचा धूर अजून येतच होता.

थंडीत म्होरकी खंगायला लागली. आधी वहिनीच्या हाताला कळलं. पाठीवरून हात फिरवताना मणके लागायला लागले. मग तिनं दाणा सोडला. मग एका सकाळी ती मेंढ्या कोंडायच्या वाडग्याच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभी होती आणि तिच्या दोन्हीकडच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या. वहिनीनं कुणाला विचारलं नाही. म्होरकीला ओढत बाहेर काढून तिनं लांबच्या छपरात बांधली आणि धाकट्याला डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं.

"कळवायलाच पाहिजे होतं का?" दादा नंतर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"पलीकडच्यांनी नव्हतं कळवलं," वहिनी म्हणाली.

पशुखात्याच्या डॉक्टरीणबाई रबरी बुटांनिशी आल्या. त्यांनी म्होरकीचं रक्त घेतलं, चिपेचा नंबर वाचला. मग बाकीच्या सगळ्या मेंढ्यांचं रक्त घेतलं आणि प्रत्येक बाटलीवर त्या त्या मेंढीचा नंबर लिहिला. म्होरकी त्याच रात्री गेली. ओढ्याच्या वर, बाभळीपलीकडे पुरुषभर खड्डा खणून दादानं आणि धाकट्यानं तिला पुरलं. खाली चुना, वर चुना. घंटा तेवढी आधीच काढून घेतली.

रक्ताचा निकाल येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. लोक वस्तीच्या विहिरीवर वहिनीला बघितलं की बाजूला सरायचे, तिचं पाणी भरून झाल्यावर पुढे यायचे. शेवटी बाई आल्या. अंगणात उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं, "मेलेलीला धापच होती. बाकीच्या सगळ्या स्वच्छ. तुम्ही वेळेवर बाजूला काढली म्हणून वाचलात, वहिनी."

वहिनीला रडू आलं.

"म्होरकीचा नंबर मी मेलेल्यांच्या यादीत टाकलाय," बाई म्हणाल्या. "नीट पुरलीत ना? चुन्यासकट?"

"बघून या ना, बाई."

"बघितलंय येताना. ती तिथे आहे म्हणून तुमचा कळप सुटलाय, एवढं ध्यानात ठेवा."

दादानं मान हलवली. ऐकलं त्यानं. पण माणूस कानानं ऐकतो आणि वागतो सवयीनं.

या घराची एक रीत होती. दुसऱ्या कळपांत घंटा कुणाच्याही गळ्यात असायची. इथे म्होरकी मेली की तिची घंटा खुंटीला राहायची आणि कुरणाची वाट धरायच्या आदल्या दिवशी तिच्या लेकीच्या गळ्यात पडायची. घंटा रिकामी राहिली की कळपाला वाट सापडत नाही, असं दादाचा बाप म्हणायचा आणि त्याचा बापही म्हणायचा. लेक म्होरकी झाली की तिला लेक म्हणायचं नाही, म्होरकीच म्हणायचं. म्होरकी कधी मरत नाही, अशी ती रीत.

खालचं गवत संपलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी आत बोचकी बांधत होती. बाहेर दादानं म्होरकीच्या लेकीला अंगणात आणलं, तिच्या गळ्यात घंटा बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग म्हणाला, "धाकट्या, तुझं यंत्र आण. आईचा नंबर हिला लिही."

धाकटा थबकला. "तो नंबर मेलेल्यांत टाकलाय ना बाईंनी?"

"टाकलाय तर काढतील. नाक्यावर पहिली म्होरकीच जाते. तिचा नंबर दिसला की त्यांना कळेल, हा आपलाच कळप. घंटा द्यायची आणि नंबर नाही द्यायचा, हे कसलं?"

"वहिनीला विचारू?"

"घंटा बांधताना विचारतो का आपण कुणाला?"

धाकट्याला खरं म्हणजे यंत्र चालवायचंच होतं. चिपा बसवल्यापासून ते पेटीत पडून होतं. त्यानं मेंढीच्या मानेजवळ यंत्र धरलं, बोटांनी आकडे दाबले. टुण्‌ झालं.

वहिनी बोचकं घेऊन बाहेर आली तेव्हा तो यंत्र पुसून ठेवत होता. "काय केलंत?"

दादानं सांगितलं. वहिनीनं बोचकं खाली ठेवलं. काय चुकलं ते तिला नेमकं सांगता येईना. "पुसून टाका," ती म्हणाली. "तिचा होता तो लिहा परत."

"तिचा कोणता होता?" दादानं धाकट्याकडे पाहिलं.

धाकटा डोकं खाजवायला लागला. जुना नंबर त्यानं कुठे उतरवून ठेवला नव्हता.

"असू दे आता," दादा म्हणाला. "आपल्या मेंढ्या, आपले नंबर. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस."

नाक्याकडे जाणारी वाट चढाची. वारा समोरून येत होता. पुढे दुसरे कळप थांबले होते, म्हणून यांना बराच वेळ उतारावर उभं राहावं लागलं. नाका म्हणजे लोखंडी नळ्यांची एक मेंढी जाईल एवढी गल्ली आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाचणारी यंत्रं. मेंढी गेली की हिरवा दिवा लागायचा. नाकेदार खुर्चीत बसून बिस्किटं खात होता. दादाला तो ओळखत होता.

"या, या. म्होरकी कुठाय तुमची?"

"ही काय," दादा म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं.

घंटा वाजवत म्होरकीची लेक गल्लीत शिरली. दिवा लाल झाला. पलीकडचं लोखंडी फाटक आपोआप आपटून बंद झालं आणि यंत्र ओरडायला लागलं, थांबेचना.

नाकेदारानं पडद्यावर पाहिलं. बिस्किटाचा पुडा खाली ठेवून तो उभा राहिला. "ही मेलेली आहे," तो म्हणाला.

"अहो, समोर उभी आहे."

"तेच म्हणतोय मी. धापेनं मेलेली, पुरलेली. आणि समोर उभी आहे." तो मागे सरकला. "मागे व्हा. कशाला हात लावू नका. मागे व्हा म्हणतो ना!"

मागच्या कळपवाल्यांनी ते ऐकलं. काठ्या आपटत, शिव्या देत ते आपापल्या मेंढ्या उताराला हाकायला लागले. दर उन्हाळ्यात वर दादाच्या शेजारी झोपडी बांधणारा माणूस त्याच्याकडे न बघता निघून गेला. नाकेदारानं दादाला, वहिनीला आणि धाकट्याला औषधाच्या टबात पाय बुडवून उभं केलं. तिघं तिथे घोट्यापर्यंत ओले, हात अंगापासून लांब धरून उभे होते. दादा पुन्हा पुन्हा सांगत होता, ही तिची लेक, नुसता नंबर दिलाय. नाकेदार फोनवर बोलत होता.

त्या दोघांच्या बोलण्यामधे वहिनीला सगळं कळलं. आई पुरलीच नाही, थंडीभर कळपात ठेवली, दुसरीच कुठली तरी पुरून खात्याला फसवलं, असाच याचा अर्थ खातं लावणार. तिला नवऱ्याचा इतका राग आला की त्याला तिथेच टबात ढकलावंसं वाटलं. मग तिनं त्याचे हात पाहिले. नाकेदारानं सांगितलं तसे ते त्यानं अजून अंगापासून लांब धरले होते.

कळप परत खाली आणून वाडग्यात कोंडला. डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर खात्याची आणखी माणसं होती, आणि एक ट्रक रस्त्यावर थांबला होता. त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

"खड्डा उकरा," वहिनी म्हणाली. "म्होरकी तिथेच आहे. तिची चिप तिच्या मानेत आहे. तुमचं यंत्र लावून बघा."

"उकरायचं नसतं ते."

"मग आम्हाला खोटं कशाच्या जोरावर म्हणता?"

बाईंनी रस्त्यावरच्या ट्रककडे पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांना तोंडाला फडकी बांधायला लावली. माती दादानंच काढली. दुसऱ्या कुणाला त्यानं फावडं दिलं नाही. चुना ढेकळांसारखा घट्ट झाला होता, तो फुटेना. फुटला तेव्हा वास आला, आणि धाकटा बाजूला जाऊन ओकला. लोकर कातडीपासून सुटून पोत्यासारखी वेगळी पडली होती. कान मात्र तसाच होता. बाई खड्ड्यात उतरल्या, वाकल्या आणि यंत्र त्या कानामागे नेलं.

काहीच झालं नाही.

त्यांनी आणखी जवळ नेलं. टुण्‌ झालं.

"बघा!" वहिनी ओरडली. "बघा, आहे! आहे ना नंबर?" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा फावड्यावर डोकं टेकून खाली बसला.

बाई नंबर बघत होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "तोच आहे." त्या वर आल्या, यंत्र बंद केलं. मग एकदम विचारलं, "ही चिप पण फिरती आहे का?"

"सगळ्याच," धाकटा म्हणाला.

"कुलूप?"

धाकट्यानं दादाकडे पाहिलं.

"म्हणजे हा नंबरही कुणी लिहिलेला असू शकतो. परवा, काल. कुठल्याही मेलेल्या मेंढीवर."

"बाई, आम्ही एकच बदलला," धाकटा म्हणाला. "देवाशपथ एकच."

"माझा आहे विश्वास." बाई म्हणाल्या. "पण थंडीत मी रक्त तपासलं ते नंबरांचं. आज वाडग्यात ज्या उभ्या आहेत त्या त्याच, हे मी कशावरून लिहू? एक नंबर फिरला, तर एकही धरता येत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वहिनीनं आपल्या तोंडानं खड्डा उकरायला लावला होता.

"परत तपासा ना," ती म्हणाली. "सगळ्यांचं रक्त घ्या परत. आम्ही थांबतो. कुरणाला नाही जात."

"नाक्यापर्यंत चालत गेलाय हा कळप. वाटेत किती कळप होते? मला थांबायची परवानगी नाही, वहिनी. पलीकडे थांबलो होतो आम्ही. एकाचे पाच कळप झाले."

दादा उठला. बाईंच्या पाया पडायला गेला. त्या मागे सरकल्या, कारण त्याच्या अंगाला खड्ड्यातली माती होती. तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. त्याला त्या अवस्थेत बघणं वहिनीला सोसलं नाही. तिनं त्याला दंडाला धरून सरळ उभं केलं.

ट्रक वाडग्याच्या तोंडाशी उलटा लागला. मागे फळी टाकली. खात्याच्या माणसांनी वाडग्याचं फाटक उघडलं आणि मेंढ्या उलट्या फिरून पार मागच्या भिंतीला जाऊन चिकटल्या. एकानं काठी उचलली. एक मेंढी दुसरीवर चढली, तिसरी खाली सापडून ओरडायला लागली.

"मारू नका," बाई म्हणाल्या. मग दादाजवळ येऊन हळू म्हणाल्या, "तुम्ही हाक मारली तर शांतपणे येतील. नाहीतर हे लोक कसंही करून चढवणारच."

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वहिनी फळीवरून चढून ट्रकमध्ये गेली. पार टोकाला, केबिनच्या पाठीला टेकून उभी राहिली. तिनं डोळे पुसले, कारण रडक्या आवाजाला मेंढ्या बुजल्या असत्या.

"या गं बायांनो," ती म्हणाली. "या. चला. या."

म्होरकीची लेक आधी आली. मग तिच्यामागे बाकीच्या, एकमेकींच्या पाठीवर तोंडं टेकवत, फळीवर खुरं वाजवत. कुणी अडली नाही, कुणी मागे वळली नाही. धाकटा खाली फाटकाशी उभा राहून त्यांना जाऊ देत होता. त्यानं एकीलाही हात लावला नाही. मेंढ्या वहिनीच्या भोवती दाटत गेल्या, तिच्या गुडघ्यांना, मांड्यांना लागल्या. एक मेंढी तिच्या हातात काही आहे का ते हुंगत होती. तिनं हात उघडा करून दाखवला.

ट्रकचं मागचं फाटक लागलं तेव्हा वहिनीला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. दोन माणसांनी कठड्यावर चढून तिला काखेत धरून वर ओढलं आणि बाहेरच्या बाजूनं खाली घेतलं. ती दिसेनाशी झाली तशा आतल्या मेंढ्या ओरडायला लागल्या आणि तिच्यामागे येण्यासाठी कठड्यावर पाय टाकून उभ्या राहिल्या.